एलादियुने उतरवलेली पट्टी

मी, मृणालिनी विलास नार्वेकर, वय अठ्ठ्याहत्तर, जन्म माशेल, गोवा, पासपोर्ट पोर्तुगालचा, मुक्काम भावाच्या नातवाच्या घरी, नॉकनाकारा, गॉलवे, असं सांगते की माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत. त्यांचं काम खुर्चीमागचं मशीन करतं. त्याची घरघर मध्येमध्ये ऐकू येईल, ती या कागदावर उतरणार नाही एवढंच. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. उलट प्रसन्न दोन महिने म्हणतोय, "राहू दे ना आत्याआजी, कशाला आता." याआधी लिस्बनमध्ये केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

मी बोलतेय आणि प्रसन्नची बायको योगिनी लिहून घेतेय. तिला बजावलंय, बोलेन तसं उतरव, सुधारू नकोस. सॉलिसिटर बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. भाषा कुठलीही चालेल, भाषांतर जोडता येतं. आणि ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याचा नवरा-बायको साक्षीदार होऊ शकत नाही. म्हणून साक्षीला शेजारचे पॉड्रिग आणि वरच्या गल्लीतली नर्स संध्या. पॉड्रिग अकरा वाजल्यापासून किचनमध्ये चहा पितोय. मराठीचा एक शब्द त्याला कळत नाही. "टेक युअर टाइम, मिसेस," म्हणाला. टाइमच नाहीये, पण ठीक आहे.

मराठीत का? पासष्ट वर्षं मी पोर्तुगीज बोलले, पण त्या भाषेत मी नटी आहे. एखादं वाक्य कुठे तोडलं की समोरच्याचे डोळे भरतात, हे मला तिथे नेमकं माहीत आहे. मराठीत नाटक करायची संधीच मिळाली नाही. तेराव्या वर्षी सुटली, ती या घरात पुन्हा हाताला लागली. इथे खोटं बोलले तर मला स्वतःला तरी ऐकू येईल, अशी आशा.

हा सगळा खटाटोप एका माणसासाठी आहे. एलादियु पिमेंता, माझा गिटारवाला. पस्तीस वर्षं माझ्या मागे बसून वाजवलं त्याने. त्याच्या नावाला मी जो डाग लावला, तो मरायच्या आधी मला काढायचाय. शाल कोणाला, फ्लॅट कोणाला, हे तोंडी सांगूनही भागलं असतं.

कलम एक : नाव

जगात मला लिनी मार्सेला म्हणतात. ते नाव रेकॉर्ड कंपनीच्या माणसाचं. मृणालिनी त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून शेपूट ठेवलं. आणि पोर्तुगीज लोक माशेलला मार्सेला म्हणायचे, म्हणून गाव आडनावाला लावलं. लिस्बनच्या लोकांना वाटलं, छान घरातली पोरगी दिसते.

छान घरातलीच होते. बाबा पेटीवाले. गावातल्या संगीत नाटकांना साथ करायचे. घरात कोंकणी, पाटीवर मराठी, कचेरीत पोर्तुगीज. बाबांनी माझी पट्टी ठरवली होती, पांढरी तीन. ज्यांना पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर माझा सा. पोरीला जरा उंच, पण मला झेपायची. बाबा दिवा मालवून पेटीवर एक सूर धरायचे आणि विचारायचे, "खंयचो?" म्हणजे कुठला. चुकले की जेवण थंड होईपर्यंत पुन्हा. नऊ वर्षांची असताना माझं चुकणं थांबलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९६० साली शाळेच्या कार्यक्रमात एका पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या बायकोने मला ऐकलं. दोन वर्षं लिस्बनला नेते, शिकवते, परत आणून सोडते, म्हणाली. बाबांनी पाठवलं. एकसष्टच्या डिसेंबरात गोवा भारतात गेला आणि दोन्ही देशांनी एकमेकांकडे पाठ फिरवली. जाणं-येणं बंद, टपाल बंद. परत सोडणार कुठे? शिकायला नेलेली पोरगी स्वयंपाकघरात गेली. बाबांचं शेवटचं पत्र त्याआधी आलं होतं. तब्येत, पाऊसपाणी काही नाही. एकच प्रश्न : हल्ली कुठल्या पट्टीत गातेस?

उत्तर पाठवता आलं नाही. म्हणून ते उत्तर मी आयुष्यभर गात राहिले. पांढरी तीन.

कलम दोन : देह

लिस्बनच्या मोठ्या दफनभूमीत कलावंतांची एक ओळ आहे. सरकारने मला तिथे जागा देऊ केली, तसं पत्र आलंय. शॅननच्या स्मशानात दहन करून अस्थी तिकडे न्याव्यात. दगडावर लिनी मार्सेला, गायिका आणि अभिनेत्री, असं लिहावं. ध्वज नको. ज्या सरकारांनी मला ध्वज दिले, त्यातल्या एकानेही मला गावचं तिकीट दिलं नाही.

कलम तीन : पेटी

बाबांची पेटी प्रसन्नने पुण्याहून विमानात मांडीवर घेऊन आणली. ती त्याची मुलगी रेवा हिला द्यावी. रेवा नऊ वर्षांची आहे, शाळेत कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरायची छोटी पेटी, वाजवते, मराठी सगळं समजतं, बोलत नाही. तिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे.

पेटी हॉट प्रेसमध्येच ठेवायची. गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं ते कपाट. या देशात कोरडी जागा तेवढीच. टॉवेल दुसरीकडे जातील. पहिल्या हिवाळ्यात पेटी दिवाणखान्यात ठेवली, तर भाता ओल्या पावासारखा झाला आणि दोन सूर मुके. प्रसन्न दिवसभर कारखान्यात हृदयात घालायच्या नळ्या तपासतो, मायक्रॉनमध्ये बोलतो. घरातल्या पेटीला बुरशी लागली ते त्याला दिसलं नाही. हे लिही, योगिनी. हसू नकोस, लिही.

कलम चार : भाऊ

गुरुनाथ, माझा धाकटा भाऊ, प्रसन्नचा आजोबा. वारला, तरी हिशेब राहिलाय.

पंच्याहत्तर साली दोन्ही देशांची दारं उघडल्यावर मी माशेलला गेले. बाबा जाऊन आठ वर्षं झाली होती, ते मला उंबऱ्यावर कळलं. गुरुनाथ म्हणाला, "रोज तिन्हीसांजेला पेटी उघडून तुझी पट्टी धरून बसायचे. काही वाजवायचे नाहीत. नुसता सा. शेजारी म्हणायचे म्हातारा खुळावला." मग म्हणाला, "बस. पाहुणी आहेस, जेवून जा."

मी पेटी मागितली. तो म्हणाला, "तुझ्याकडे गिटारी आहेत."

गुरुनाथाला मी काही ठेवत नाही आणि त्याच्याकडून काही मागत नाही. जेवण चांगलं होतं. ते मात्र नोंदवावं.

कलम पाच : शाल, पदक, सिनेमे

काळी शाल. फादो शाल घेऊन, उभं राहून, डोळे मिटून गायचा असतो. फादो म्हणजे लिस्बनची गाणी. कोणीतरी समुद्रावर गेलंय आणि कोणीतरी वाट बघतंय, एवढाच विषय. मला वेगळं काही शिकावं लागलं नाही. शाल संग्रहालयाने मागितली आहे, द्यावी. तिला पोटाशी एक रफू आहे, तो दाखवावा, झाकू नये.

पदक प्रसन्नला. विकलं तरी चालेल.

मी अकरा सिनेमे केले. त्यात आठ वेळा मोलकरीण, एकदा दाई, एकदा पत्ते वाचून भविष्य सांगणारी. अकराव्यात मी कोळ्याची विधवा होते. त्याला बक्षीस मिळालं, मला माणसं रस्त्यात ओळखायला लागली. मग टीव्हीवरच्या मालिकेत सहा वर्षं खाष्ट सासू. मासळीबाजारात बायका मला खऱ्याखुऱ्या शिव्या द्यायच्या, मग गालाचा मुका घेऊन मासा फुकट द्यायच्या. पहिल्या आठ सिनेमांच्या दिग्दर्शकाला मी विचारलं होतं, मोलकरणीला नाव का नाही? तो म्हणाला, "तुझा चेहराच पुरे." त्याला, जिवंत असल्यास, काहीही देऊ नये. मी गेल्यावर तो माझ्याबद्दल चांगलं बोलायला टीव्हीवर आला, तर टीव्ही बंद करावा.

कलम सहा : एलादियु

फादोच्या घरात, म्हणजे जेवताना गाणी ऐकवतात त्या खाणावळीत, कागद नसतो. गाणारी उभी राहते, गिटारवाल्याकडे मान वळवते, गाण्याचं नाव आणि पट्टी सांगते. बस. पट्टीला तिकडे वेगळं नाव आहे, मी इथे पेटीचंच वापरते. मी म्हणायचे, "पांढरी तीन." तो म्हणायचा, "पांढरी तीन, दोना लिनी." दोना म्हणजे तिकडचं बाईसाहेब. दिवे उतरायचे. लोक काटे-चमचे खाली ठेवायचे.

एकोणसत्तरपासून हे चाललं. चौऱ्याहत्तरला क्रांती झाली आणि आमच्यावर शिक्का बसला, जुन्या राजवटीचे गवई. तीन वर्षं रेडिओ बंद. इतर वादक पांगले. एलादियु राहिला. गोदी कामगारांच्या हॉलमध्ये आम्ही वीस माणसांसमोर गायलो, त्यातली सहा झोपलेली. तो म्हणाला, "दोना लिनी, चौदा जागी आहेत. चांगला दिवस."

मग २००४. माझ्या पस्तीस वर्षांचा मोठा कार्यक्रम, पहिल्यांदाच ऑर्केस्ट्रा, टीव्हीवर थेट. कंडक्टरला कागदावर पट्टी हवी होती. मी सांगितली, पांढरी तीन. त्याने साठ माणसांसाठी तशी लिहून घेतली. तालमीत मी अर्ध्या आवाजात गुणगुणले, कार्यक्रमाच्या दिवशी गळा राखतात तसं. एलादियु त्या दिवशी फक्त शेवटच्या दोन गाण्यांना होता. संध्याकाळी सहाला तो माझ्या खोलीत आला. केशभूषावाली होती, टीव्हीवाली मुलगी होती. बोटांना नखं चढवलेली. आमच्याकडे गिटारवाले अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला कासवाच्या कवचाची नखं बांधतात.

म्हणाला, "दोना लिनी, त्यांना काळी एक सांगा. अजून वेळ आहे."

काळी एक म्हणजे पांढऱ्या तीनच्या तीन घरं खाली.

मी आरशातच म्हणाले, "साठ जणांत तुझी गिटार ऐकू येणार नाही म्हणून पोटात दुखतंय का?"

टीव्हीवाली हसली. त्याने दोन्ही नखं काढली, पावडरच्या डबीशेजारी ठेवली आणि गेला.

तिसऱ्या गाण्याला वरच्या सुरावर माझा आवाज फाटला. चिरकला नाही, फाटला. अख्ख्या देशाने पाहिलं. मी खाली उतरले तर पत्रकार उभे. विचारलं, काय झालं? मी म्हणाले, "माझ्या गिटारवाल्याला विचारा. पट्टीचं तो बघतो."

दुसऱ्या दिवशी छापून आलं की गिटारवाल्याने जळून पट्टी चढवली आणि लिनी मार्सेलाला पाडलं. मी नाकारलं नाही. त्यानेही नाही. त्याला पुन्हा कोणी उभं केलं नाही. तो एका दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या काचांवर पावत्या लावायचा. २०११ ला गेला. मी पुन्हा गायले नाही.

आता खरं. दोन वर्षांपूर्वी, गणपतीनंतर एका दुपारी, पेटी बाहेर होती म्हणून मी माझ्या जुन्या रेकॉर्ड लावल्या आणि एकेक पट्टी ताडून पाहिली. तेच गाणं, चार वेळा रेकॉर्ड केलेलं. एकाहत्तरचं पांढरी तीन. पंच्याऐंशीचं काळी दोन. ब्याण्णवचं पांढरी दोन. नव्याण्णवचं काळी एक. मी नेहमी पांढरी तीनच सांगत होते. वय वाढलं, गळा उतरला, तसा एलादियु गिटारीच्या तारा गुपचूप एकेक घर उतरवत गेला. मला लाज वाटू नये म्हणून. ऑर्केस्ट्राच्या तारा कोणी उतरवल्या नाहीत, म्हणून मी उघडी पडले. हे मला त्या दुपारी पेटीने सांगितलं, तोपर्यंत मला माहीत नव्हतं. एलादियु निर्दोष आहे. हे त्याच वर्तमानपत्रात, त्याच पानावर छापावं.

कलम सात : इनेश

एलादियुची एकच मुलगी, इनेश. सेतुबालला शाळेत शिकवते. तिची तीन पत्रं आली. पहिलं, बाबा आजारी आहेत, एक फोन करा. दुसरं, अंत्यविधी अमुक वाजता. मी दोन्हींना उत्तर दिलं नाही. तिसरं सहा महिन्यांनी आलं. ते मी पाठ म्हणू शकते. "सेन्योरा, जाण्याआधी बाबांनी मला सांगितलं की पट्टी त्यांनीच बदलायला लावली होती. रागाने. मी त्यांची मुलगी म्हणून आपली माफी मागते. त्यांना माफ करणं मला जमत नाहीये. आपल्याला जमलं तर करा."

म्हणजे मरताना पोटच्या पोरीसमोरही तो माझ्यासाठी खोटं बोलला.

लिस्बनचा फ्लॅट इनेशला. ही भरपाई नाही. तिने नाकारला तर प्रसन्नने दुसऱ्यांदा विचारू नये. एलादियुची ती दोन नखं, माझ्या गोळ्यांच्या डब्यात, रविवारच्या कप्प्यात आहेत, तीही तिला.

(इथे थांबलो. लिहिलेलं योगिनीने वाचून दाखवायला घेतलं. अडीच वाजले होते, रेवा शाळेतून आली, दप्तर तसंच, दारात उभी राहून ऐकलं. योगिनी हे सगळं लिही. मुलगी काय बोलली तेही.)

रेवा म्हणाली, "बट दॅट्स नॉट ट्रू."

योगिनी म्हणाली, "रेवा, मोठी माणसं बोलतायत."

"शी न्यू, मम्मा. आय वॉज देअर. रेकॉर्ड लावायच्या आधीच हर फिंगर वॉज ऑन इट."

एवढे तीन शब्द मराठीत बोलली. ते मला नीट कळावेत म्हणून बहुतेक.

मी म्हणाले, "कशावर गं?"

"ऑन द की, आजी. एव्हरी टाइम. तू बोट ठेवलंस, अँड देन यू पुट द नीडल डाउन. अँड इट मॅच्ड. मी विचारलं, हाउ डिड यू नो, अँड यू सेड, लकी गेस." मग खांदे उडवले. "चार वेळा लकी नसतं."

किचनमधून पॉड्रिग ओरडला, "एव्हरीथिंग ऑल राइट इन देअर?" योगिनी म्हणाली, "ग्रँड, पॉड्रिग, ग्रँड." आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत बसली.

कलम आठ : कलम सहाची दुरुस्ती

कलम सहाचा शेवट खोटा आहे. खोडू नका. तसाच राहू दे, शेजारी खरं असू दे. लोकांना कळेल की मी शेवटच्या कागदावरही आधी खोटंच बोलले.

मला माहीत होतं.

ज्या पोरीला बाबा काळोखात सूर विचारायचे, तिला तीन घरं कळली नाहीत, हे कोणी मानेल असं मला वाटलंच कसं? त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात एक दिवस मी लवकर पोचले. मागच्या खोलीचं दार ओढलेलं. आत एलादियु तारा लावत होता. मी कडीवर हात ठेवला आणि ऐकलं, पहिली तार अर्धा सूर खाली आली. मग दुसरी. मग जोडीच्या सगळ्या. एखादा माणूस झोपलेल्या घरात एक पायरी उतरतो, तसं. शेजारच्या साथीदाराला तो म्हणाला, "आजपासून इथे. तिला बोलायचं नाही. ती दमलीय."

त्याच्या आदल्या आठवड्यात मी दोनदा वरचा सूर चोरला होता, पुरता लावला नव्हता. त्याने ऐकलं होतं.

मी दारातून मागे गेले, रस्त्यावर एक फेरी मारली, मग टाचा वाजवत आत आले. गायला उभी राहिले, मान वळवली. "पांढरी तीन." तो म्हणाला, "पांढरी तीन, दोना लिनी." डोळ्याला डोळा भिडवून. एकवीस वर्षं. तीन वेळा तारा उतरल्या, तिन्ही वेळा मला पहिल्याच सुराला कळलं. एकदाही एका शब्दाने बोललो नाही. मी लग्न केलं नाही, त्याची बायको इनेश लहान असताना गेली. लोक काय काय म्हणायचे. आमच्यात झालं ते एवढंच, रोज दोघांनी मिळून एक खोटं बोलायचं आणि ते सांभाळायचं.

मग २००४ साली तो ते खोटं केशभूषावालीसमोर मोठ्याने बोलला. वाचवायला आला होता. मला वाटलं, उघडं करायला आला. तालमीतच मला कळलं होतं की ऑर्केस्ट्रा खऱ्या पांढऱ्या तीनवर आहे. हात वर करून "थांबा, खाली घ्या" म्हणायचं होतं, बस. पण साठ माणसं बघत होती. आणि बाबांचा प्रश्न होता ना, हल्ली कुठल्या पट्टीत गातेस. मला काळी एक म्हणवेना.

पत्रकारांना मी जे म्हणाले ते रागात नाही. रागात माणूस चुकतो. मी शब्द निवडून बोलले. मला माहीत होतं की तो नाकारणार नाही. नाकारायचं तर त्याला सांगावं लागलं असतं की लिनी मार्सेलाचा आवाज वीस वर्षं उतरतोय. ते तो मेला तरी सांगणार नाही, याची मला खात्री होती. आणि तो मेला तरी त्याने सांगितलं नाही.

छापायचं ते हे कलम. सहावं नाही.

कलम नऊ : जे मरेपर्यंत थांबणार नाही

योगिनी शांतपणे म्हणाली, "आत्याआजी, हे इनेशला कधी कळणार?"

मी म्हणाले, "मी गेल्यावर. मृत्युपत्र आहे ना."

"मग तिने भांडायचं कोणाशी?"

मला राग आला. मशीन जोरात घरघरायला लागलं. मी म्हणाले, तू लिहायला बसलीयस, बोलायला नाही. ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात, सुधारू नकोस. मी सुधारत नाहीये, विचारतेय." रेवा अजून दारातच होती, पायाने बूट काढत.

मी फोन लावायला सांगितला. इनेशचा नंबर तिसऱ्या पत्राखाली होता. चौदा वर्षांनी लागेल असं वाटलं नव्हतं. लागला. मागे शाळेची पोरं ओरडत होती. मी नाव सांगितलं, ती "हो" म्हणाली. आठवं कलम मी जसंच्या तसं पोर्तुगीजमध्ये सांगितलं. कुठलंही वाक्य तोडलं नाही, थांबले तर दम लागला म्हणून. संपल्यावर मागची घंटा वाजली आणि पोरांचा आवाज गेला.

ती म्हणाली, "मी चौदा वर्षं त्यांच्या कबरीवर गेले नाही."

मी म्हणाले, "आता जा."

ती म्हणाली, "सेन्योरा, कबर नाहीये. आपल्याकडे साध्या माणसाला जागा काही वर्षांपुरती देतात, तुम्हाला माहीत असेल. मुदत संपली की घरच्यांना पत्र येतं, या, हाडं घेऊन छोट्या पेटीत ठेवा. पत्र आलं होतं. मी फाडलं. कोणी आलं नाही तर सगळ्यांची हाडं एका खड्ड्यात घालतात." मग म्हणाली, "त्यांनी विचारलं होतं मला, येशील ना अधूनमधून. मी म्हटलं, तुम्ही असं केल्यावर?"

मग तिनेच फोन ठेवला, हळू. आपटला नाही.

फ्लॅट घेणार की नाही, विचारायचं राहिलं. बरं झालं.

म्हणून कलम दोन, देह, पूर्ण रद्द. कलावंतांच्या ओळीत माझी जागा नको. सरकारला कळवावं. शॅननला दहन करावं, प्रसन्नने अग्नी द्यावा, मंत्र नसले तरी चालेल. राख लिस्बनच्या त्या दफनभूमीत, जिथे कोणी न्यायला न आलेल्यांची हाडं टाकतात, तिथे मिसळावी. आधी इनेशची परवानगी घ्यावी. ती नाही म्हणाली तर राख इथेच समुद्रात सोडावी आणि विषय संपवावा. ती हो म्हणाली तरी दगड, नाव, फूल काही नको. त्याच्या शेजारी असेन असं म्हणत नाही. त्या खड्ड्यात शेजार कोणाला कळतो? त्याच्याइतकीच बेवारस असेन, एवढं मला करता येतं.

पेटी रेवालाच. एक अट वाढवते. वर्षातून एकदा, तारीख कुठलीही, तिने काळी एक धरायची. काही वाजवायचं नाही. नुसता सूर, भाता संपेपर्यंत. कोणी विचारलं तर सांगावं, आजीची पट्टी.

योगिनीने हे सगळं मला वाचून दाखवलं. मी पूर्ण ऐकलं. यावेळी रेवाने काही म्हटलं नाही.

दोन्ही साक्षीदारांसमोर, त्यांच्या डोळ्यांदेखत, माझ्या हाताने सही करते. लिनी मार्सेला ही सही मी हजारो फोटोंवर केली, ती इथे करत नाही.

मृणालिनी विलास नार्वेकर
(पाटीवर शिकवलं त्या मराठी अक्षरात)

व्यवस्थापक : प्रसन्न नार्वेकर

साक्षीदार :

१. पॉड्रिग, शेजारी, निवृत्त पोस्टमन. सही करताना म्हणाला, "आय होप इट्स गुड न्यूज फॉर समबडी."

२. संध्या, नर्स. ड्यूटीवरून थेट आली. सहीआधी माझी नाडी पाहिली आणि मशीन एक आकडा वाढवलं.

नॉकनाकारा, गॉलवे
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटं